नसलेले सील दोनदा बदलले!

गेल्या महिन्यात कुर्ल्यातल्या एका गॅरेजात आम्ही चहा घेत बसलो होतो. गॅरेजचे मालक मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. चाळीस वर्षे इंजिने बांधत आले आहेत. गल्लीत लहानथोर सगळे त्यांना चाचा म्हणतात. समोर एक पांढरी अ‍ॅम्बेसेडर उभी होती आणि तिच्याखाली ठेवलेल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये तेलाचे थेंब पडत होते. गाडीचे मालक एक निवृत्त हेडमास्तर. वडिलांनी घेतलेली गाडी, ती भंगारात घालायला मन होत नाही. इंजिन दुसरीकडे कुठे तरी नव्याने बांधून घेतले आणि गळती त्यानंतरच सुरू झाली. त्यांनी खिशातून दोन बिले काढून चाचांच्या हाती दिली. दोन्ही बिलांवर एकच ओळ होती: इंजिनचे मागचे ऑईल सील बदलले. गिअर बॉक्स उतरवण्या-चढवण्याची मजुरी वेगळी लावलेली.

चाचांनी चष्मा पुसून बिले पुन्हा वाचली आणि हळूच म्हणाले, "सर, या इंजिनाला मागे सील नसतेच."

"मग मी दोनदा पैसे कशाचे दिले?" हेडमास्तरांनी विचारले. त्या प्रश्नाला गॅरेजात कोणी उत्तर दिले नाही. चाचांच्या हाताखालचा पोरगाही पाना हातात घेऊन तसाच उभा राहिला.

आमच्या वाचकांत गॅरेजवाले, टर्नर, स्पेअर पार्टचे दुकानदार, जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणारे बरेच आहेत. ऑईल सील हा त्यांच्या धंद्यातला सर्वांत स्वस्त मालांपैकी एक, आणि त्यावरून होणारी भांडणे मात्र सर्वांत महाग. सील शे-दोनशेचे, ते बसवण्यासाठी इंजिन किंवा गिअर बॉक्स खाली घ्यायचा म्हणजे दोन माणसांचा दिवस. काम फसले तर तो दिवस पुन्हा फुकट द्यावा लागतो, किंवा गिऱ्हाईक जाते. म्हणून या वेळी हाच विषय घेतला आहे.

अ‍ॅम्बेसेडरचे इंजिन

हिंदुस्तान मोटर्सची अ‍ॅम्बेसेडर ही इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आली. तिचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन बीएमसी कंपनीच्या बी जातीचे, तीन मेन बेअरिंगचे. या इंजिनात क्रँकच्या पुढच्या टोकाला, टाइमिंग कव्हरमध्ये सील आहे. जुन्या इंजिनात ते नमद्याचे असे, पुढे रबराचे आले. मागच्या टोकाला मात्र सील नाही. तिथे क्रँकवरच एक आटा कापलेला असतो. क्रँक फिरू लागला की तो आटा बाहेर येणारे तेल स्क्रूसारखे मागे ढकलतो आणि ते मेन बेअरिंगच्या कॅपमधल्या वाटेने चेंबरमध्ये परत जाते.

ही रचना साधी आणि टिकाऊ आहे, पण तिच्या काही अटी आहेत. आटा फिरतानाच काम करतो. इंजिन बंद झाले की त्याचे कामही बंद. म्हणून अशी गाडी चढावर नाक वर करून उभी केली तर मागून दोन-चार थेंब पडणारच. चेंबरमध्ये तेल खुणेच्या वर भरले तरी पडणार. कॅपमधली परतीची वाट काळ्या गाळाने बुजली असेल तर तेल साचून क्लचकडे जाते. क्रँक आणि त्याच्या भोवतीच्या गोलाईत फट अगदी थोडी ठेवलेली असते. मेन बेअरिंग झिजले, क्रँक खाली बसला, की वरच्या बाजूची फट वाढते. आणि एक गोष्ट बांधणारे विसरतात: मागची कॅप ब्लॉकला लावूनच कारखान्यात बोअर केलेली असते. भंगारातल्या दुसऱ्या इंजिनाची कॅप इथे आणून घातली तर गोलाई जुळत नाही. मग कितीही पॅकिंग लावा, कितीही शेलॅक थापा, गळती तशीच राहते.

सर्वांत मोठी अट हवेची आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की जळलेला वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतो. तो बाहेर जाण्यासाठी ब्रीदरची नळी असते. नळी बुजली की आतला दाब तेलाला मिळेल त्या फटीतून बाहेर काढतो. अशा इंजिनात डिपस्टिक आपोआप वर उचललेली दिसते. ब्रीदर साफ न करता सील बदलणारा मिस्त्री गिऱ्हाइकाचे पैसे पाण्यात घालतो, आणि हे सील असलेल्या इंजिनांनाही तितकेच लागू आहे.

पुढे नव्वदच्या दशकात अ‍ॅम्बेसेडरला इसुझूचे १८०० सीसीचे इंजिन मिळू लागले. ते सर्वस्वी वेगळे इंजिन. त्याला मागे सील आहे. उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ साली बंद पडला, तेव्हा आज येणाऱ्या गाडीत कोणते इंजिन आहे हे बॉनेट उघडल्याशिवाय बोलू नये. मारुती ८०० ची गोष्ट तिसरीच. तिच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात क्रँकचे पुढचे सील ऑईल पंपाच्या बॉडीत, मागचे सील वेगळ्या घरात, आणि वर कॅमशाफ्टचे सील निराळे. जीपच्या जुन्या विलिस इंजिनाला तर मागे दोरीचे सील असे. ती दोरी तेलात भिजवून, खाचेत गोल सळईने दाबून बसवायची आणि टोके कापायची. नंतर त्याच जागी दोन तुकड्यांचे रबरी सील आले.

तेल कुठून येते ते आधी पाहा

चाचांची पद्धत अशी. गाडी आली की पहिल्या दिवशी पान्याला हात लावायचा नाही. इंजिन खालून-वरून रॉकेलने किंवा डिझेलने धुवायचे, हवा मारून कोरडे करायचे. मग संशयाच्या जागांवर खडूची पूड किंवा अंगाला लावायची पावडर शिंपडायची. इंजिन गरम होईपर्यंत चालवायचे, गाडीची एक फेरी मारायची आणि बॅटरी घेऊन खाली शिरायचे. पावडर जिथे सगळ्यांत वर ओली झाली असेल तिथे गळती. तेल कधी वर चढत नाही. ते खाली उतरते आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे जाते. पुढच्या टाइमिंग कव्हरमधून निघालेले तेल चेंबरच्या कडेने मागे जाऊन क्लचच्या खालच्या भोकापाशी थेंब धरते, आणि बघणारा म्हणतो, मागचे सील गेले!

दुसरी परीक्षा नाकाची. गिअर ऑईलला गंधकासारखा उग्र वास असतो, इंजिन ऑईलला नसतो. क्लचपाशी पडणारा थेंब बोटावर घेऊन हुंगला तर इंजिन खाली घ्यायचे की गिअर बॉक्सकडे बघायचे, हे तिथल्या तिथे कळते.

तेल जळते आहे अशी तक्रार असेल तर धुराकडे पाहावे. सकाळी सुरू करताना, किंवा उतारावरून गाडी गिअरमध्ये सोडून पुन्हा रेस दिल्यावर निळ्या धुराचा एक लोट येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्हच्या दांड्यांवरची छोटी सीले कडक झाली असावीत. रेस दिली की सतत धूर येत असेल तर बहुधा रिंगांचे काम. ही सीले नगाला फार स्वस्त आहेत. हेड उतरवले असताना ती जुनीच ठेवणारा मिस्त्री आम्हाला समजत नाही.

चाचांची स्वतःची चूक

आमच्या आग्रहावरून चाचांनी आपल्या एका फसलेल्या कामाची हकीकत सांगितली. बरीच वर्षे झाली. एका व्यापाऱ्याच्या तीन मारुती गाड्या त्यांच्याकडे येत. त्यांपैकी एकीचे इंजिन त्यांनी बांधले, तिन्ही सीले नवी घातली आणि गाडी संध्याकाळी दिली. आठवड्यात मागच्या सीलमधून तेल येऊन क्लच प्लेट भिजली. पुन्हा सगळे उघडले. सीलची ओठासारखी कड एका बाजूला जळून चकचकीत झालेली! सील कोरडेच बसवले होते. पोऱ्याला तेल लावायला सांगितले होते, पण त्याने लावले की नाही हे पाहिले नाही. दुसऱ्यांदा सील आपल्या पैशाने घातले, क्लच प्लेटही आपल्या पैशाने. व्यापाऱ्याने तोंडाने काही म्हटले नाही, पण त्याच्या तिन्ही गाड्या पुन्हा त्या गल्लीत दिसल्या नाहीत.

सीलची रचना पाहिली की ही चूक कळते. बाहेर लोखंडी किंवा रबर चढवलेले कडे, आत रबराची पातळ कड, आणि कडेच्या मागे बारीक स्प्रिंगची बांगडी, जी कड शाफ्टवर हलकेच दाबून धरते. ही कड खरे तर धातूला घासत नाही, तेलाच्या अतिशय पातळ थरावर तरंगते. तो थर पहिल्या फेरीपासून हवा. इंजिन सुरू होऊन तेल तिथवर पोहोचेपर्यंतच्या क्षणांत कोरडी कड जळते. म्हणून कडेला आणि शाफ्टला इंजिनचे तेल किंवा थोडे ग्रीस लावूनच सील चढवायचे. स्प्रिंगची बाजू तेलाकडे. हे पहिल्या दिवशी शिकवतात, तरी उलटे बसवलेले सील आम्ही पाहिले आहे. (अलीकडच्या काही गाड्यांत टेफ्लॉनच्या कडेची सीले येतात. त्यांचा कायदा उलटा, ती कोरडीच बसवायची असतात. पाकिटावर तसे लिहिलेले असते, ते वाचावे.)

बसवताना आणखी तीन जागी घात होतो. शाफ्टवर चावीची खाच असते, तिच्या धारेवरून कड गेली की चिरते. खाचेवर पातळ प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळावी, सील पुढे गेल्यावर ओढून काढावी. दुसरे, हातोडीने एका बाजूला ठोकले की कडे वाकते आणि आतली स्प्रिंग उडून चेंबरमध्ये जाते. लेथवर सीलच्या मापाची एक चकती करून घेतली की सील सरळ बसते. कोणताही टर्नर ती मोकळ्या वेळात करून देईल, आणि पंधरा-वीस मापांच्या चकत्या भिंतीवर टांगलेल्या असणे ही चांगल्या गॅरेजची खूण आम्ही मानतो. तिसरे, घर साफ नसणे. जुन्या शेलॅकची एक खपली राहिली तरी सील तिरके बसते.

अ‍ॅम्बेसेडरच्या टाइमिंग कव्हरबाबत वेगळी काळजी घ्यावी लागते. कव्हर आधी घट्ट करून मग पुली ठोकायची ही सर्रास पद्धत, आणि ती चूक. कव्हरचे बोल्ट ढिले ठेवून पुलीला तेल लावायचे, ती फिरवत सीलमधून आत घालून चावीवर बसवायची, म्हणजे कव्हर आपोआप मध्यावर येते, आणि मगच बोल्ट आवळायचे. तसे न केल्यास सीलची एक बाजू दबते, दुसरी मोकळी राहते. नवे सील महिन्यात गळू लागते आणि दोष मात्र दुकानदाराच्या मालाला लागतो.

शाफ्टवरची खाच आणि पॉलिश पेपर

जुन्या गाडीत सीलपेक्षा शाफ्ट जास्त बोलतो. वर्षानुवर्षे एकाच रेषेवर कड फिरल्याने शाफ्टवर बारीक खाच पडते. नख आडवे फिरवून पाहावे. नख अडकले तर नवे सील त्याच जागी टिकणार नाही. घरात जागा असेल तर सील एक-दोन मिलिमीटर पुढे किंवा मागे बसवावे, म्हणजे कड कोऱ्या जागेवर येते. हा फुकटचा इलाज. जागा नसेल तर शाफ्टवर पातळ पोलादी स्लीव्ह चढवता येते. तिची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास असल्याने सीलचे माप बदलावे लागत नाही. शेवटचा उपाय म्हणजे शाफ्ट भरून पुन्हा ग्राइंड करणे. इंजिन बांधायला क्रँक ग्राइंडरकडे जाणारच असतो, तेव्हाच ही जागा त्याला दाखवावी. बहुतेक जण बेअरिंगच्या जागा दाखवतात आणि सीलची विसरतात.

आता पॉलिश पेपरचे. गंज किंवा ओरखडे काढायला शाफ्टवर पेपर फिरवताना हात एका बाजूला सरकत गेला की शाफ्टवर अतिशय बारीक, डोळ्याला न दिसणारा आटा तयार होतो. अ‍ॅम्बेसेडरच्या इंजिनात इंजिनिअरांनी मुद्दाम कापलेला आटा तेल आत आणतो. आपल्या हातून नकळत पडलेला आटा चुकीच्या दिशेचा असला तर तेल बाहेर काढतो, आणि सील नवे, शाफ्ट चकचकीत, तरी गळती! पेपर शाफ्टच्या भोवती सरळ गोल फिरवावा, पुढे-मागे सरकवू नये. चाचांनी हे एका पारशी टर्नरकडून ऐकले आणि तेव्हापासून पोऱ्यांच्या हातात पेपर देताना ते स्वतः उभे राहतात.

दुकानदारांसाठी थोडे

सीलवर तीन आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ ३५-५२-७. पहिला शाफ्टचा व्यास, दुसरा घराचा, तिसरा जाडी, सगळे मिलिमीटरमध्ये. गाडीचे नाव सांगून माल मिळत नसेल तर या तीन आकड्यांवर बेअरिंगच्या दुकानात मिळू शकतो. जुन्या इंग्रजी बनावटीच्या गाड्यांची मापे इंचात असतात. तिथे जवळचे मिलिमीटरचे सील ठोकून बसवू नये. सीलवर बाण असेल तर तो शाफ्ट फिरण्याची दिशा दाखवतो. माप जुळले पण दिशा उलटी, तर कडेवरच्या तिरप्या रेघा तेल बाहेर काढतील.

रबराच्या जातीही ओळखाव्यात. नेहमीचे काळे नायट्रिल शंभर-सव्वाशे अंश सेल्सिअसपर्यंत ठीक चालते. व्हायटॉन दोनशेच्या आसपास टिकते आणि महाग असते. ते पुष्कळदा तपकिरी असते, पण रंगावर भरवसा ठेवू नये, रंग कोणीही कोणताही देऊ शकतो. पाकीट आणि बिल पाहावे.

जुना साठा ही या धंद्यातली मोठी अडचण आहे. पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडरचे कंपनीचे सीलबंद पाकीट मिळाले की गिऱ्हाईक खूश होते. पण रबर पाकिटातही म्हातारे होते. कड बोटांच्या चिमटीत वाकवून पाहावी. बारीक चिरा दिसल्या किंवा कड कडक लागली तर तो नग विकू नये. कित्येक दुकानांत सीले खिळ्याला माळेसारखी टांगलेली दिसतात. त्याने कड एका जागी ताणली जाते आणि आकार बिघडतो. सील डब्यात आडवे ठेवावे, उन्हापासून आणि मोटरच्या ठिणग्यांपासून दूर.

हा धंदा अजून किती दिवस, असे तरुण आम्हाला विचारतात. मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर गेली, आणि तिच्यावर जगणाऱ्या अनेक गॅरेजांची रोजी तिच्याबरोबर आटली, हे खरेच. उरलेल्या जुन्या गाड्या हौशी माणसांच्या आहेत. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात ठेवलेल्या वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम काढले. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षांची. अशी गाडी भाड्याने किंवा रोजच्या वापरात चालवता येत नाही. जो मालक एवढी फी भरतो तो दोनशे रुपयांच्या सीलवरून घासाघीस करत नाही. त्याला उत्तर हवे असते: गळती कुठून, इलाज काय, किती दिवस टिकेल.

हेडमास्तरांची गाडी तिसऱ्या दिवशी तयार झाली तेव्हा आम्ही मुद्दाम गेलो. गळती दोन जागांची निघाली. टाइमिंग कव्हर मध्यावर नव्हते. इंजिनच्या बाजूला दोन टॅपेट कव्हर असतात, प्रत्येकाला मधोमध एकच बोल्ट. तो इतका आवळला होता की पत्रा वाकून कॉर्कचे पॅकिंग सुटले होते. ब्रीदरच्या नळीत अर्ध्यापर्यंत गाळ. चाचांनी पत्रे ऐरणीवर सरळ केले, पॅकिंगे नवी घातली, कव्हर पुलीवर मध्याला आणले आणि तेल खुणेपर्यंतच भरले, २०डब्ल्यू-४०, जाडसर. नळी धुतल्यावर डिपस्टिक जागेवर बसली. गिअर बॉक्सला हात लावावा लागला नाही.

"सर, चढावर उभी केलीत तर एक-दोन थेंब मागून पडतील," चाचा म्हणाले. "ते या इंजिनाचे आहेत, माझे नाहीत. नवी होती तेव्हाही पडत असतील."

"वडील तिच्याखाली नेहमी पुठ्ठा ठेवायचे," हेडमास्तर म्हणाले.

पोऱ्याने बिल लिहायला घेतले. टाइमिंग कव्हरचे सील एक, टॅपेट कव्हरची पॅकिंगे दोन, ब्रीदर साफ, तेल, मजुरी. चाचांनी त्याच्या हातातले पेन घेतले आणि खाली आणखी एक ओळ घातली: इंजिनचे मागचे सील, नाही.